कॉलेजचाच भरवसा नाही, तर पोराची नववी त्याच्या नावानं का जाळायची?

साखळीकर

मुलगा नववीत आहे. गेल्या रविवारी एका क्लासवाल्यांनी पालकांना बोलावलं होतं. 'फाउंडेशन बॅच'. आत्ता नाव घातलं तर बारावीपर्यंतचं सगळं मिळून दोन लाख दहा हजार, नंतर वाढणार. पडद्यावर जिना काढलेला: नववी, दहावी, अकरावी, बारावी आणि वर एका मोठ्या इंजिनिअरिंग कॉलेजची कमान. एका पालकानं विचारलं, "कमानीच्या पलीकडं काय?" सगळे हसले. विचारणारा मीच होतो.

हसण्यासारखं काय होतं ते अजून कळलं नाही. मी 2004 चा बी. कॉम. तेव्हा पदवी घेतली की बँक, खाण कंपनीचं ऑफिस नाहीतर सरकार, कुठंतरी चिकटायचं माणूस. आज मी ज्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे तिथं बिलांचं आणि जीएसटीचं काम तीन मुली करायच्या. आता एकच आहे, आणि तीही म्हणते निम्मं काम एआयकडून करून घेते. टीसीएसनं जुलै 2025 मध्ये बारा हजारांवर माणसं कमी करायचं जाहीर केलं. केंद्राच्या श्रमशक्ती पाहणीत 2023-24 ला देशाची बेकारी 3.2 टक्के आणि आपली, गोव्याची, 8.5. शिकलेलं राज्य म्हणून आपण मिरवतो.

कॉलेजांना कुलूप लावा असं मी म्हणत नाही. माझं भांडण शाळेशी आहे. कॉलेजनंतरचं कुणालाच सांगता येत नाही, पण आठवीपासूनची शाळा मात्र कॉलेजच्याच हिशेबानं चालते. हाच पोरगा सहावीत असताना आजोबांबरोबर रानात जाऊन चवथीच्या माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या रानफळांच्या चौकटीचं, सामान आणायचा. कांगलां, घागऱ्यो, सगळं नावानिशी ओळखायचा. यंदा चवथीच्या आदल्या रविवारी ट्यूशनची टेस्ट. आजोबा एकटेच गेले.

त्याला विजेच्या कामाचं वेड आहे. घरचा पंप त्यानं दोनदा सुरू करून दिलाय. मी म्हणतो क्लासचे पैसे भरायचे नाहीत, दहावी नीट करू दे आणि आयटीआयला जाऊ दे. बायको तीन दिवस बोलत नाही. तुम्ही सांगा, बरंवाईट जे असेल ते.

पिसुर्ल्याचा ट्रकवाला

वाईट मी सांगतो.

"कॉलेजात काय ठेवलंय?" हे वाक्य आमच्या गावात मी वीस वर्षांपूर्वी ऐकलंय, आणि तेव्हा ते म्हणणारा शहाणा वाटायचा. आमच्या खाणींतल्या लोखंडाच्या खनिजाला चीनची मागणी चढलेली होती. 2010-11 पर्यंत वर्षाला पाच कोटी टनांच्या घरात माल बाहेर जायला लागला. ज्याच्या दारात ट्रक त्याच्या घरावर स्लॅब. माझा भाऊ अकरावीत होता, सायन्सला. त्यानं सोडलं, कर्ज काढलं, ट्रक घेतला. घरात कुणी अडवलं नाही, कारण हायर सेकंडरीचे मास्तर जेवढा पगार घेत होते त्याहून जास्त तो सीझनला मिळवत होता. बहीण मात्र साखळीच्या कॉलेजात जात राहिली, कदंबाच्या बसनं, दोन जोडी कपड्यांत. तिला सगळे हसायचे.

सप्टेंबर 2012 ला खाणी थांबल्या. पुढच्या महिन्यात सुप्रीम कोर्टाचा आदेश. मध्ये थोडं सुरू झालं, आणि 2018 ला 88 लीज रद्द. ट्रक परसात उभा राहिला. टायरांत पावसाचं पाणी साचायचं, पंचायतीची माणसं मलेरियाच्या नावानं ओरडून जायची. कर्जाचे हप्ते बहिणीनं भरले, मास्तरकीच्या पगारातून.

आता नीट ऐका. भाऊ मठ्ठ नव्हता. इंजिनाचा आवाज ऐकून कुठला इंजेक्टर गेलाय ते सांगायचा. तुम्ही ज्याला कौशल्य म्हणताय ते त्याच्याकडं भरपूर होतं, फक्त त्या कौशल्याला गिऱ्हाईक एकच होतं. बहिणीच्या बी. ए., बी. एड. ला दहा गिऱ्हाइकं होती. नोकरी कुठली मिळेल ते तिलाही ठाऊक नव्हतं, पण एक गेली तर दुसरीकडं अर्ज करायची सोय होती.

मिरामार वॉकर

अहो, जग कुठं चाललंय आणि आपण कुठं! अमेरिकेत कॉलेजं ओस पडायला लागलीत. मोठमोठ्या कंपन्या डिग्री मागत नाहीत. दहा वर्षांत कॉलेज ही वस्तू म्युझियममध्ये. साखळीकर, तुम्ही बरोबर आहात.

आकडेमोड

वॉकरसाहेब, सकाळच्या फेरीत ऐकलेला व्हिडिओ दिसतोय.

अमेरिकेत कॉलेजला जाणाऱ्यांचा आकडा 2010 च्या सुमाराला सर्वांत वर होता, साधारण 2 कोटी 10 लाख. 2021 ला तो 1 कोटी 90 लाखांच्या खाली आला. घट आहे, पण ओस पडणं याला म्हणत नाहीत. लहान खासगी कॉलेजं बंद होतायत हे खरं. त्याची कारणं तिथली आहेत: फी आणि शिक्षणकर्जाचा डोंगर, आणि 2008 च्या मंदीपासून तिथं मुलं कमी जन्मली. ती मुलं आता अठरा वर्षांची होतायत.

आपल्या देशात उलटं. 2021-22 च्या उच्च शिक्षणाच्या पाहणीत अठरा ते तेवीस वयाच्या शंभरामागं 28 जणं कॉलेजात, आणि 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं 2035 पर्यंत 50 करायचं ठरवलंय. म्हणजे देशात अजून दार मोठं करायचं चाललंय.

पण गोवा देशासारखा नाही, आणि हे कुणी बोलत नाही. 2019-21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्याचा जननदर 1.3, म्हणजे एका बाईमागं सरासरी तेवढी मुलं. लोकसंख्या आहे तेवढी टिकायला 2.1 लागतो. सरकारी प्राथमिक शाळांत पट किती उरलेत ते तुम्ही गावात बघताच. ती रिकामी बाकं दहा वर्षांत कॉलेजात पोचतील. त्यामुळं क्लासवाले जी गर्दीची भीती घालतात ती तरी गोव्यातल्या साध्या कॉलेजांपुरती खोटी आहे. जागा राहतील, बसायला पोरं नसतील. चुरस आहे ती आयआयटी, मेडिकल अशा मूठभर जागांसाठी, आणि तिथं स्पर्धक गोव्याचे नसतात.

गोंयचो पूत

प्राथमिक शाळा रिकाम्या का झाल्या ते पण सांगा की. 2011 ला इंग्रजी माध्यमाला अनुदान दिलं आणि…

आकडेमोड

माध्यमाचा विषय इथं नको. तो धागा सुरू झाला की माणसं चवथीचं जेवण सोडून भांडतात.

हायस्कूलची टीचर (फोंडा तालुका)

साखळीकर, शाळेवरचा राग माझ्यावर काढा, मी नववीलाच शिकवते.

नववीला त्या 2020 च्या धोरणाची नवी पद्धत 2024-25 ला आली. व्यवसाय शिक्षण, कला, शारीरिक शिक्षण हे विषय म्हणून आले, नुसते जाता जाता घ्यायचे तास राहिले नाहीत. कागदावर तुम्हाला जे हवंय तेच आहे. पालकसभेत मी अर्धा तास समजावलं. पहिला प्रश्न आला, "याचे मार्क टक्केवारीत धरतात काय?" दुसरा प्रश्न, "तोच तास गणिताला दिला तर?" आणि खोटं कशाला बोलू, पोर्शन अडला की आम्हीही तो तास गणिताला देतो.

एक गंमत बघा. 2021 नंतर शाळांत कोडिंग आणि रोबोटिक्स आलं, तेव्हा पालकांनी पेढे वाटायचे बाकी ठेवले. त्याच पालकांना शेतीचा किंवा शिवणाचा तास फुकट वाटतो. म्हणजे हातानं काम करायला विरोध नाही. ज्या कामाला पुढं इंजिनिअरिंगचा वास येतो ते काम चालतं.

शाळा कॉलेजच्या हिशेबानं चालते असं तुम्ही म्हणता. मी म्हणते ती पालकांच्या हिशेबानं चालते, आणि पालकांच्या डोक्यात 1990 चं कॉलेज आहे. त्या पडद्यावरची कमान क्लासवाल्यांनी तुमच्याच डोक्यातून काढून लावली होती.

साखळीकर

टीचर, लागलं. पण मी तर कमानीवरच प्रश्न विचारला होता ना!

हायस्कूलची टीचर (फोंडा तालुका)

विचारलात, पण मीटिंगला गेला होतात.

टीवाय

मी टी. वाय. बी. कॉम. वरचे सगळे आमच्याबद्दल बोलतायत म्हणून लिहितो.

आम्ही 2023 ला लागलो, चार वर्षांच्या पद्धतीची गोवा विद्यापीठाची पहिली तुकडी. एक वर्ष करून सोडलं तर सर्टिफिकेट, दोन केली तर डिप्लोमा, तीन केली तर डिग्री, चौथं केलं तर ऑनर्स. आता तिसरं संपायला आलं की विचारतात, "थांबतोस की जातोस?" ऑनर्स केलं तर पुढं मास्टर्स एका वर्षाचं होतं हे सरांनी सांगितलं. पण ऑनर्स बघून कुणी दोन रुपये जास्त देणार का, हे सरांनाही माहीत नाही. ते तसं सरळ सांगतात, त्याबद्दल त्यांना मानतो.

आयएसएचे, म्हणजे सत्रातल्या अंतर्गत मार्कांचे, असाइनमेंट सगळे एआयवर करतात हे खरं. एका मॅडमनी मग लिहायचं बंद करून तोंडी विचारायला सुरुवात केली. वर्गातली अर्धी मुलं गप्प. मीपण. दहावीला मला 91 टक्के होते आणि एखादी गोष्ट माझ्या शब्दांत सांग म्हटल्यावर घसा सुकला. ते मला आठवी-नववीत कुणी करायला लावलं असतं तर बरं झालं असतं. तेव्हा मी मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवत होतो.

शनिवार-रविवार बँक्वेटला वाढायला जातो. तिथला वाढप्यांचा कॅप्टन दहावी नापास आहे आणि त्याला माझ्या वडिलांपेक्षा जास्त मिळतं. पण ऑफ सीझनला तो घरी असतो.

पेडण्याची

इथं सगळी चर्चा मुलग्यांची चाललीय ते कुणाच्या लक्षात आलंय का?

मी विर्नोड्याच्या कॉलेजातून बी. ए. केलं. विषय होता इतिहास. त्या बी. ए. नं मला नोकरी दिली नाही, पुढं दुसरंच काहीतरी करून मी आज मोपाच्या विमानतळावर आहे. पण बारावीनंतर घरी दोन स्थळं येऊन बसली होती, आणि "ती शिकतेय" या एका वाक्यानं आईनं तीन वर्षं परतवली. त्या तीन वर्षांत मी बसनं एकटी म्हापशाला जायला शिकले, बँकेत खातं काढलं, आणि पहिल्यांदा एका मोठ्या माणसाला "तुमचं चुकतंय" म्हटलं. ते आमचे प्राध्यापक होते. त्यांनी ऐकून घेतलं.

मुलग्याला कॉलेज नको असेल तर आयटीआय आहे, किनाऱ्यावरचं शॅक आहे, तारवां म्हणजे जहाजावरची नोकरी आहे, चुलत्याचं गॅरेज आहे. मुलीला कॉलेज नको म्हटलं की पुढचा शब्द लग्न. सरकारच्या लाडली लक्ष्मी योजनेत मुलीला मिळणारे एक लाख शिक्षणालाही वापरता येतात, आमच्या गावात ते मंडपाला गेलेले मी जास्त पाहिलेत. तुमच्या या नव्या विचारानं कॉलेजची किंमत उतरली तर आधी कुणाचं नाव काढतील?

साखळीकर, मुलगी आहे तुम्हाला? असेल तर तिच्यासाठीही हेच लिहिलं असतं?

साखळीकर

आहे. सहावीत.

नसतं लिहिलं. तिला कॉलेजातच घालणार असं मी धरूनच चाललो होतो. तुम्ही विचारेपर्यंत ते डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

केप्याचे आजोबा

मी ऐंशीला टेकलो. मुक्तीपूर्वी, पोर्तुगिजांच्या वेळी, गोव्यात लिसेव म्हणजे त्यांचं हायस्कूल होतं, पणजीत 1842 पासूनचं मेडिकल स्कूल होतं. पण साधं बी. ए. करायचं तर बेळगाव, धारवाड, पुणे नाहीतर मुंबई. ते कुणाला परवडायचं ते नावं घेऊन सांगायला नको. 1962 ला पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले निघालं. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर, त्यांनी गावोगाव प्राथमिक शाळा काढल्या, आणि त्यातली पोरं काही वर्षांनी त्या कॉलेजांत पोचली.

मी मुंडकाराचा, म्हणजे भाटकाराच्या (जमीनदाराच्या) जमिनीत घर करून राहणाऱ्याचा, मुलगा. कॉलेजात माझ्या बाकावर आमच्या भाटकाराचा पुतण्या बसायचा. त्याच्या घरी गेलो तर मी अंगणात उभा राहायचो. वर्गात माझ्या वहीतून तो उतरून घ्यायचा. नोकरी काय, ती पुढं लागली. पण ते बाक मला आयटीआयनं दिलं असतं का, हे तुम्हीच सांगा. भाटकारांची पोरं तिकडं आलीच नसती. आजही येत नाहीत.

काकोड्याचा वायरमन

आजोबा, नमस्कार. आलात कुठं शेवटी, आमच्याच दारात. मी आयटीआयचा, इलेक्ट्रिशियन ट्रेड. आता तिथंच शिकवतो, म्हणून बाजू घेऊन बोलणार नाही. निदान प्रयत्न करतो.

आमच्याकडं येणाऱ्या पोरांत निम्म्यांहून जास्त 'बाकी कुठं घेतलं नाही' म्हणून आलेली. बाप पहिल्या दिवशी सोडायला येतो आणि पोरासमोर सांगतो, "हा काय शिकणार नाही, निदान हाताला काम तरी." ते पोर दोन वर्षं मान वर करत नाही. आवडीनं आलेला एखादाच असतो, तो वर्कशॉपमधून हाकलावा लागतो संध्याकाळी. साखळीकरबाब, तुमचा त्यातला दिसतो.

आता दोन गैरसमज. एक, आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं असं नाही. दहावी आणि दोन वर्षांचा ट्रेड झाला की पॉलिटेक्निकला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. डिप्लोमा झाला की डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. बोटं मोजा: दोन, दोन, तीन, एकूण सात वर्षं. बारावीवरून गेलेला सहा वर्षांत इंजिनिअर होतो. एका वर्षाचा फरक, आणि आमच्या पोराच्या हातात मल्टिमीटर दोन वर्षं आधी आलेला असतो. जागा मोजक्या असतात आणि मार्क लागतात, तेही सांगतो.

दुसरा गैरसमज जास्त वाईट: आयटीआयला जायचंय मग शाळेतलं गणित कशाला. अहो, पॉवर फॅक्टर म्हणजे कोसाइन. थ्री फेजला वर्गमूळ तीन येतं. दहावीची त्रिकोणमिती ज्यानं पाठ करून पास केली तो आमच्याकडं येऊन बरोबर तिथंच अडकतो. साखळीकर म्हणतात शाळा कॉलेजसाठी वाकलीय. मला वाटतं कॉलेज असो की आयटीआय, शाळेनं समजून शिकवलं असतं तर दोन्हीकडं चाललं असतं. टीवायला घसा सुकला तो याच कारणानं, आणि माझ्या वर्गातल्या पोराला मीटर वाचता येत नाही तेही.

आणि सरकारनं काय म्हटलं बघा. शिकाऊ उमेदवारांचे 2019 चे नियम: आयटीआयवाल्याला महिना निदान 7000, डिप्लोमाला 8000, पदवीधराला 9000. बारावी पासवालाही 7000 मध्येच. म्हणजे बारावीच्या पुढच्या तीन वर्षांच्या कॉलेजची किंमत दिल्लीनं लावली महिना दोन हजार. भांडण यावर करायचं तर करा.

पिसुर्ल्याचा ट्रकवाला

वायरमनबाब, तो दोन हजारांचा फरक पहिल्या वर्षाचा. वीस वर्षांनी सुपरवायझर कोण आणि खांबावर कोण, ते पण लिहा.

काकोड्याचा वायरमन

खांबावर मी सात वर्षं होतो. सुपरवायझर डिप्लोमावाला होता. बरोबर आहे तुमचं. म्हणून तर शिडी सांगितली.

एलडीसी पास (वेटिंगवर)

सुपरवायझर वगैरे लांबचं. गोव्यात डिग्री लागते ती सरकारी नोकरीच्या आशेला, आणि तीही धड नाही. एलडीसीला, म्हणजे कनिष्ठ कारकुनाला, लागते बारावी, कॉम्प्युटर आणि कोंकणीचं ज्ञान. मराठी येत असेल तर बरं. परीक्षेच्या हॉलमध्ये माझ्या उजवीकडं एम. कॉम., डावीकडं बी. ई. बारावीच्या नोकरीसाठी चार-पाच वर्षं जास्त शिकून आलेले. 2024 ला नोकरीसाठी पैसे घेतल्याच्या तक्रारी पोलिसांत गेल्या, तेव्हा लोकांनी मोजलेले लाख वाचून मला कळलं की माझी डिग्री स्वस्तात पडली.

मिरामार वॉकर

मुद्दा तोच! कॉलेज निरुपयोगी!

पेडण्याची

काका, तुमची मुलं काय करतात?

मिरामार वॉकर

मुलगा पुण्यात एम. बी. ए. करतोय. त्याचं वेगळं आहे.

टीवाय

😀

साखळीकर

दोन दिवस लिहिलं नाही, कारण हा सगळा धागा बायकोला मोबाईलवर वाचायला दिला होता. ती पिसुर्लेकरांच्या बहिणीपाशी थांबली. तिचे वडीलही ट्रकवाले. तिनं बारावी केली तेव्हा कॉलेजची फी भरायला घरात पैसे नव्हते, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊन काल कळलं. मी तिच्या न बोलण्याला हट्ट समजत होतो.

क्लासचे पैसे भरलेले नाहीत, यावर तीही कबूल झाली. अट एक: गणित घरी बसवून करून घ्यायचं, माझ्याकडून नव्हे, तिच्याकडून. आयटीआय की हायर सेकंडरी हे दहावीच्या निकालाआधी बोलायचं नाही. पोराला विचारलं तर म्हणतो, "दोन्हीकडं पंप असतो काय?"

मुलीचं मी अजून काही लिहू शकत नाही. विचार करतोय.

वायरमनबाब, तुमच्याकडचं वर्कशॉप बाहेरच्याला बघायला मिळतं का? फॉर्म कधी सुटतात?

पिसुर्ल्याचा ट्रकवाला

माझं मत होतं तेच आहे. वहिनींना बहिणीचा नमस्कार सांगा.

काकोड्याचा वायरमन

फॉर्म दहावीच्या निकालाच्या आगेमागे सुटतात. रहिवासी दाखला आत्ताच काढून ठेवा, मे महिन्यात मामलेदार कचेरीत पाय ठेवायला जागा नसते.

वर्कशॉप दाखवतो, प्रिन्सिपलना विचारून ठेवतो. शनिवारी सकाळी या, पोरगा आणि वहिनी दोघांना घेऊन. मुलगी येत असेल तर तीही चालेल. बूट घालून या सगळ्यांनी, चपलेनं आत सोडत नाहीत.